बदली ६बीटी इंजिन: आधी व्हॉल्व्ह, मग टायमिंग, डिझेल सगळ्यात शेवटी

मागच्या पावसाळ्यात एक दहाचाकी टाटा आमच्याकडे आली. इंजिन बदलून जेमतेम तीन आठवडे झालेले. तक्रार नेहमीचीच: घाटात ओढत नाही, काळा धूर मारते. पंपाचं सील तुटलेलं होतं आणि फुल-लोडचा स्क्रू (पंपातून जास्तीत जास्त किती डिझेल सुटेल ते ठरवणारा) कुणीतरी दीड आटा आत घेतलेला. टॅपेट कव्हर काढून बघितलं तर एक्झॉस्टच्या फटीत दहा थाउची (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) पत्तीसुद्धा जाईना. तिथे वीसची जायला हवी. व्हॉल्व्ह पुरते बसतच नव्हते आणि चार सिलिंडरचे एक्झॉस्ट कडेला जळायला लागले होते. अशा इंजिनात जास्त डिझेल सोडून फक्त धूर वाढतो.

असं इंजिन वर्षातून पाच-सहा वेळा तरी बघायला मिळतं, आणि चूक बहुतेक वेळा क्रमाची असते. खाली दिलेलं काम टाटाच्या जुन्या ट्रकांत येणाऱ्या, मेकॅनिकल पंपाच्या १२ व्हॉल्व्हच्या कमिन्स ६बीटी ५.९ इंजिनाचं आहे. कॉमन रेल इंजिनाला यातला टायमिंग आणि डिझेलचा भाग लागू नाही.

## कामाला हात घालण्यापूर्वी

फिलर गेज (०.२५ आणि ०.५० मिमीच्या पात्या न वाकलेल्या), टॉर्क पाना, व्हॉल्व्ह स्प्रिंग कॉम्प्रेसर, व्हर्नियर, इंजिन फिरवायचं बारिंग टूल, खडू, रंगाची छोटी डबी आणि बिस्किटाच्या खोक्याचा मोठा पुठ्ठा. पुठ्ठा विसरू नका, तो पुढे लागणार आहे. टॉर्क पाना नसेल तर उसना आणा. हाताच्या अंदाजानं हेड आवळणाऱ्यांची हेड गॅस्केट बदलायचं काम आमच्याकडे नियमित येतं.

## १. प्लेट वाचा

इंजिनाच्या पुढच्या बाजूला गिअर हाउसिंगवर डेटा प्लेट असते. तिच्यावर इंजिन नंबर असतो आणि सीपीएल (कंट्रोल पार्ट्स लिस्ट) नंबर असतो. या इंजिनात कुठला पंप, कुठला टर्बो, कुठले नोझल, कुठला पिस्टन आणि टायमिंग किती, हे सगळं त्या सीपीएलवरून ठरतं.

बदली इंजिनात इथेच पहिली गफलत होते. इंजिन एका गाडीचं, पंप दुसऱ्या गाडीचा, टर्बो ‘घरात पडलेला’. बाहेरून सगळं सारखं दिसतं, बोल्टही बसतात. पण १३० हॉर्सपॉवरच्या इंजिनावर जास्त ताकदीच्या इंजिनाचा पंप आला आणि नोझल जुनेच राहिले की ते इंजिन कधीच नीट ट्यून होत नाही. प्लेट घासलेली किंवा गायब असेल तर पंपाचा आणि टर्बोचा नंबर लिहून घ्या आणि डीलरकडून जुळवून घ्या. दोन-तीन फोन जास्त होतील, पण पुढचा आठवडा वाचेल.

तपासा: ब्लॉकवर ठोकलेला इंजिन नंबर आणि विकणाऱ्याच्या बिलावरचा नंबर एकच आहे ना? आरटीओत हाच नंबर लागणार आहे.

## २. इंजिन जमिनीवर असतानाच

गाडीत बसवल्यावर जे काम करायला दोन माणसं आणि पाठदुखी लागते, ते खाली एकट्याला जमतं. ऑइल फिल्टर कापून आतला कागद उलगडा. पितळेच्या रंगाची चमक दिसली तर बेअरिंग उघडल्याशिवाय पुढे जाऊ नका. क्रँकचा पुढे-मागे होणारा खेळ आणि टर्बोच्या शाफ्टचा खेळ बघा.

टायमिंग कव्हर उघडलंच तर आणखी एक गोष्ट बघा. बी-सीरीजच्या गिअर हाउसिंगमध्ये जागा धरणारी एक लोखंडी डॉवेल पिन असते. वर्षानुवर्षांच्या थरथरीनं ती बाहेर सरकू शकते. गिअरमध्ये पडली तर हाउसिंग फुटतं, कधी कधी सगळंच जातं. अमेरिकेत डॉजच्या पिकअपमध्ये १९८९च्या मॉडेलपासून हेच इंजिन आलं, आणि तिकडच्या मिस्त्रींनी या पिनेला ‘किलर डॉवेल पिन’ असंच नाव पाडलंय. पिन आत ठोकून तिच्या कडेला पंचनं मार द्या, नाहीतर शेजारच्या बोल्टखाली पत्र्याची छोटी पट्टी घालून तिचा रस्ता अडवा.

## ३. हेड आणि व्हॉल्व्ह

इंजिनाचा इतिहास माहीत नसेल तर हेड उतरवा, हे माझं स्पष्ट मत आहे. मालक म्हणतो, ‘चालू स्थितीतलं आहे, कशाला उघडता?’ चालू स्थितीतलं म्हणजे सेल्फ मारल्यावर सुरू झालं होतं, एवढंच. गॅस्केटचे पैसे आत्ता घातलेले परवडतात.

आता पुठ्ठा घ्या. त्याला १२ भोकं पाडा, ओळीनं नंबर टाका आणि पुशरॉड त्याच क्रमानं त्यात खोचा. व्हॉल्व्ह, रॉकर, स्प्रिंग सगळं ज्याच्या त्याच्या नंबरासमोर ठेवा. पुशरॉडचं टोक आणि रॉकरची वाटी एकमेकांना घासून जुळलेली असतात. अदलाबदल झाली की नव्यानं झीज सुरू होते.

व्हॉल्व्ह बसतात का: हेड कडेवर ठेवा, पोर्टची तोंडं वर करा आणि त्यांत रॉकेल भरा. पाच मिनिटांनी व्हॉल्व्हच्या कडेला ओलं कडं दिसलं तर ती सीट गळतेय. नुसतं लॅपिंग पुरेल की सीट कापावी लागेल, हे सीटवरचा घासल्याचा पट्टा बघून ठरवा. पट्टा रुंद झाला असेल तर पेस्ट घासत बसण्यात अर्थ नाही.

सावधान: या हेडमध्ये इनलेट सीटचा कोन ३० अंश आणि एक्झॉस्टचा ४५ अंश असतो. सगळ्या बाराही सीट ४५च्या कटरनं कापून आणलेलं हेड मी पाहिलंय. लेथवाल्याला तोंडी सांगू नका, चिठ्ठीवर लिहून द्या.

व्हॉल्व्ह हेडच्या पातळीपासून साधारण १ ते १.५ मिमी आत असतो. सीट कापून कापून तो आणखी खाली गेला असेल तर त्या सिलिंडरचा दाब कमी पडतो. तिथे नवी सीट बसवणं हाच इलाज.

स्प्रिंग: ‘अपग्रेड’ म्हणून पैसे घालायचे असतील तर इथे घाला, पण का ते समजून. गाडीला एक्झॉस्ट ब्रेक असेल तर घाट उतरताना सायलेन्सरच्या वाटेतली झडप बंद होते आणि मॅनिफोल्डमध्ये दाब साठतो. ज्या सिलिंडरचा पिस्टन त्या वेळी हवा ओढत खाली जात असतो, त्याच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हला हा दाब मागून ढकलतो. स्प्रिंग थकलेली असेल तर व्हॉल्व्ह सीटवरून उचलला जातो आणि परत आपटतो. उतारावर ब्रेक मारल्यावर येणारा टक-टक आवाज पुष्कळदा त्याचाच असतो. अमेरिकेत या इंजिनाला एक्झॉस्ट ब्रेकसाठी आणि वाढीव आरपीएमसाठी ‘६० पौंडी’ स्प्रिंग घालतात. व्हॉल्व्ह बंद असताना स्प्रिंग त्याला सीटवर किती जोरानं दाबून धरते, त्याचा तो आकडा.

आपल्याकडे माल वाहणाऱ्या गाडीला पहिलं काम एवढंच: बारा स्प्रिंग नव्या स्प्रिंगशेजारी काचेवर उभ्या करा. उंचीत कमी किंवा कलती दिसली की ती बाद. एक्झॉस्ट ब्रेक असेल आणि गाडी रोज घाटात असेल तर थोड्या कडक स्प्रिंगचा पूर्ण सेट घाला. एक्झॉस्टला कडक आणि इनलेटला जुन्या अशी भेसळ नको. ‘जेवढी कडक तेवढी चांगली’ असंही नाही. या इंजिनात टॅपेट सपाट तळाचे आहेत, रोलरचे नाहीत. स्प्रिंगचा सगळा भार कॅमच्या उंचवट्यावर घासत जातो. रेसिंगच्या स्प्रिंग टाकून वर्षभरात कॅम खाल्लेला बघायची हौस असेल तरच त्या वाटेला जा.

स्टेम सील नवीन घालाच. गाइडमध्ये व्हॉल्व्ह हलवून बघा, डोळ्याला दिसेल एवढा हलला तर गाइडचं काम करून घ्या. पुशरॉड काचेवर गरगर फिरवा, वाकलेला लगेच उड्या मारतो.

हेड बसवताना बोल्टचे आटे आणि डोक्याखालची जागा ऑइलनं ओली करा, मधल्या बोल्टपासून बाहेर जात आवळा. पहिल्या फेरीत सगळे ९० न्यूटन-मीटर, दुसऱ्यात फक्त लांब बोल्ट १२०, आणि शेवटी सगळ्यांना ९० अंशांचा पाव फेरा. पाव फेरा मोजायला बोल्टच्या डोक्यावर रंगाचा ठिपका द्या. रॉकरच्या पेडेस्टलमधून जाणारा मोठा बोल्ट हाही हेडचाच बोल्ट आहे. नंतर कधी एखादा रॉकर काढायची वेळ आली तर एका वेळी एकच सिलिंडर उघडा आणि तो बोल्ट पुन्हा नियमानं आवळा.

हेड न उतरवता फक्त स्प्रिंग बदलायच्या असतील तर पिस्टन वर आणून करता येतं. व्हॉल्व्ह पिस्टनवर टेकतो, खाली पडत नाही. जोड्या लक्षात ठेवा: १ आणि ६, २ आणि ५, ३ आणि ४. पिस्टन पक्का वर आहे याची खात्री केल्याशिवाय कॉटर (स्प्रिंगला व्हॉल्व्हच्या दांडीवर धरून ठेवणारे छोटे तुकडे) काढू नका.

## ४. टॅपेट

टॅपेट लावणं म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यातली फट लावणं. हे थंड इंजिनावर करायचं काम आहे, कूलंट ६० अंशांच्या खाली. इनलेट ०.२५ मिमी, म्हणजे दहा थाउ. एक्झॉस्ट ०.५० मिमी, म्हणजे वीस थाउ. इंजिन चालू ठेवून कानानं टॅपेट लावणारे उस्ताद अजून आहेत. त्यांचा मान राखून सांगतो, या इंजिनावर तसं करू नका.

आधी: मॅनिफोल्डची तोंडं बघून प्रत्येक रॉकरशेजारी खडूनं ‘इ’ किंवा ‘ए’ लिहा. पाठ असलं तरी लिहा. सुरुवातीच्या त्या दहाचाकीत नेमकं हेच न केल्यामुळे सगळ्यांना एकच पत्ती लागली होती.

एक नंबर वर आणा: गिअर हाउसिंगच्या मागच्या बाजूला, पंपाच्या खाली, टायमिंग पिन असते. एक माणूस बारिंग टूलनं इंजिन हळूहळू फिरवतो, दुसरा पिन बोटानं आत दाबून धरतो. कॅम गिअरचं भोक समोर आलं की पिन आत जाते. एक नंबर तेव्हा कॉम्प्रेशनच्या टीडीसीला, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर, असतो. एक नंबरचे दोन्ही रॉकर हातानं हलतात का बघा. हलत नसतील तर काहीतरी चुकलंय. आता पुलीवर आणि कव्हरवर समोरासमोर रंगाची रेघ मारा.

सावधान: रेघ मारली की पिन लगेच बाहेर काढा, मगच इंजिन हलवा. पिन प्लॅस्टिकची असते. शिकाऊ असताना मी ती आत ठेवूनच बारिंग टूलला जोर लावला होता. तुकडा काढायला कव्हर उघडावं लागलं आणि त्या दिवशी उस्तादांनी मला जेवायला सोडलं नाही.

पहिली फेरी, रेघ जुळलेली असताना:
इनलेट: १, २, ४
एक्झॉस्ट: १, ३, ५

क्रँक पूर्ण एक फेरा फिरवा, रेघ पुन्हा समोर येईल.

दुसरी फेरी:
इनलेट: ३, ५, ६
एक्झॉस्ट: २, ४, ६

फायरिंग ऑर्डर १-५-३-६-२-४ असल्यामुळे दोन फेऱ्यांत बाराही होतात. प्रत्येक लावलेल्या रॉकरवर खडूची फुली मारा. शेवटी बारा फुल्या मोजा.

पत्ती फटीतून ओढताना लोण्यातून सुरी जावी तशी नको, आणि दात लावून खेचावी लागेल अशीही नको. किंचित घासत यावी. स्क्रू पेचकसनं धरून लॉकनट २४ न्यूटन-मीटरला आवळा आणि पुन्हा पत्ती घाला. लॉकनट आवळताना स्क्रू थोडा फिरतोच, आणि बहुतेक चुकीचे टॅपेट या एका क्षणात चुकतात.

आणखी एक फसवी जागा: रॉकरचं नाक. वर्षानुवर्षं घासून त्यात खळगा पडतो. सपाट पत्ती खळग्याच्या दोन्ही कडांवर टेकते, खालची पोकळी मोजलीच जात नाही. पत्ती सांगते वीस, खरी फट असते पंचवीस. टॅपेट लावूनही टिक-टिक जात नसेल तर नाकावरून नख फिरवा. नख अडकलं तर रॉकर बदला.

## ५. पंपाचं टायमिंग

व्हॉल्व्ह नक्की झाले, आता टायमिंग. एक नंबर पुन्हा त्याच पिनेनं टीडीसीवर. इनलाइन पंपाच्या गव्हर्नरच्या बाजूला एक प्लग असतो, त्यात पंपाची स्वतःची टायमिंग पिन उलटी घालून ठेवलेली असते. ती काढून सुलट घातली की खाच दातावर बसते आणि पंप लॉक होतो. दोन्ही पिना जागेवर बसल्या म्हणजे पंप आणि क्रँक जुळले.

पंपाच्या शाफ्टचं टोक निमुळतं असतं, गिअर त्यावर घट्ट बसून धरतो. दोन्ही पृष्ठभाग पेट्रोलनं पुसून कोरडे करा. बोटाला लागलेल्या ऑइलचा पुसट थरही नको. ऑइल राहिलं तर नट कितीही आवळा, जोर पडला की गिअर सरकतो आणि टायमिंग मागे जातं. ‘कालपर्यंत मस्त चालत होती’ अशा गाडीमागे दोनदा तरी मला हेच कारण सापडलंय.

क्रम असा: नट आधी हलका आवळा, दोन्ही पिना बाहेर काढा, इंजिन बारिंग टूलनं धरून ठेवा, मग नट पूर्ण टॉर्कला. पिना आत ठेवून नट आवळला तर पिना तुटतात. पंपाची पिन परत उलटी घालून प्लग लावायला विसरू नका.

टायमिंग मागे असेल तर सकाळी पांढरा धूर, ओढ कमी, एक्झॉस्टचं तापमान जास्त. पुढे असेल तर आवाज कोरडा आणि कडक येतो, सेल्फ झटका देतो. आवाज कडक झाला की ड्रायव्हर खूश होतो, ‘आता बोलतेय गाडी’. पिस्टन आणि गॅस्केट मात्र ते सोसत असतात. सीपीएलवर लिहिलेलं टायमिंग सोडून पुढे जाऊ नका.

## ६. पहिला सेल्फ

फिल्टर ऑइलनं भरून लावा, टर्बोच्या पाइपात ऑइल ओता. डिझेल बंद ठेवून ऑइलचा दाब दिसेपर्यंत थोडं थोडं सेल्फ फिरवा, मध्ये सेल्फला गार होऊ द्या. मग हँड प्रायमरनं पंपापर्यंतची हवा काढा, आणि पुढची नोझलच्या पाइपाचे नट सैल करून, सेल्फ फिरवत.

सावधान: हवेच्या पाइपाशेजारी जाड प्लायवुडचा तुकडा घेऊन एक माणूस उभा ठेवा. पंपाची रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी दांडी) अडकली तर इंजिन स्वतःहून रेस होत जातं, आणि तेव्हा हवा बंद करणं हाच एक मार्ग असतो. हाताचा पंजा तिथे कधीच नको.

सुरू झाल्यावर अर्धा तास आयडलवर सोडून चहाला जाऊ नका. नवे किंवा नव्या जागी बसलेले सपाट टॅपेट आयडलवर ऑइलला तहानलेले राहतात. १२०० ते १५०० वर ठेवा, गळती बघा, तापमान बघा.

## ७. आता डिझेल

स्क्रूला हात लावण्याआधी या गोष्टी संपवा: एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, फीड पंपाचा दाब, पंपाचा ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह (स्प्रिंग थकली की डिझेल टाकीत परत पळतं), नोझल टेस्टरवर तपासलेले. टर्बोपासून मॅनिफोल्डपर्यंतच्या पाइपांवर साबणाचं पाणी टाकून बुडबुडे बघा. टर्बोचा दाब पंपापर्यंत नेणारी बारीक नळी आणि बूस्ट कॉम्पेन्सेटरचा पडदा फाटलेला नाही ना, हेही. तो पडदा फाटला की टर्बो कितीही फुगवू दे, पंपाला ते कळतच नाही आणि पिकअप मरतो. ओढ कमी म्हणून आलेल्या गाड्यांत स्क्रूनं खरोखर सुटेल असं काम मला क्वचितच दिसतं.

एवढं करूनही कमी वाटलं तर पंप बेंचवर न्या आणि सीपीएलप्रमाणे डिलिव्हरी लावून घ्या. सहाही लाइनींची डिलिव्हरी सारखी येणं हे एकूण आकड्यापेक्षा महत्त्वाचं. गव्हर्नरचा कमाल वेग वाढवू नका. या इंजिनाची ओढ १५०० आरपीएमच्या आसपास असते, वरच्या रेसला फक्त आवाज आणि व्हॉल्व्हवरचा ताण वाढतो.

चाचणीला टर्बोच्या आधी पायरोमीटर (एक्झॉस्टचं तापमान दाखवणारा मीटर) लावा आणि भरलेली गाडी घाटात न्या. आम्ही खंबाटकीत नेतो, कारण तिथे इंजिनाला सोंग करता येत नाही. सलग चढावर तापमान ७०० अंश सेल्सिअसच्या वर टिकून राहत असेल तर डिझेल जास्त आहे, कमी करा. बीएस-४च्या आधीच्या गाडीला पीयूसीत धुराची मर्यादा ६५ हार्ट्रिज युनिट आहे. स्क्रू पिळलेली गाडी तिथेही पडते.

## ८. कागद आणि दुसरी तपासणी

इंजिन बदलल्याची नोंद १४ दिवसांत आरटीओत द्या, बिल आणि आरसीसह. फिटनेसच्या दिवशी नंबर जुळला नाही की गाडी उभी राहते.

पहिल्या हजार-दीड हजार किलोमीटरनंतर ऑइल बदला आणि टॅपेट पुन्हा मोजा. मोजा म्हणजे आधी मोजा, सरळ लावू नका. बाराही आकडे कागदावर लिहून केबिनमध्ये चिकटवा. फट वाढलेली असेल तर रॉकर, पुशरॉड किंवा कॅमची झीज शोधा. एक्झॉस्टची फट कमी झाली असेल तर व्हॉल्व्ह सीटमध्ये बसत चाललाय. एकदा थोडी कमी झाली तर नवं काम आपली जागा घेतंय असं समजून लावा. त्याच सिलिंडरची फट पुढच्या खेपेला परत घटलेली दिसली, तर पत्ती बाजूला ठेवून हेड उतरवायची तारीख ठरवा.